रिकाम्या काट्यावर साठ किलो

मदरबोर्ड घ्यावा तर काळ्या डब्यातल्या कंपनीचाच, असं कॉम्प्युटर दुरुस्त करणारा शेखर खामगावातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता ऐकवायचा. लाल डबेवाल्यांचा माल वर्षभरात फुगतो, निळ्यांची वॉरंटी म्हणजे अकोल्याला नुसते खेटे. बोलायला काय जातं! आता भगवंतरावांच्या कापसाच्या जिनिंगवर, भर दुपारी, त्याच काळ्या डब्याने त्याची अब्रू घालवली होती.

आवारात गाड्या तोलायच्या वजनकाट्याची मोठी लोखंडी पाटी. तिची तार केबिनमधल्या कॉम्प्युटरला. सकाळपासून तो कॉम्प्युटर रिकाम्या पाटीचं वजन साठ किलो दाखवी आणि पाच मिनिटांत विझे. काळा बोर्ड गेला. नाक मुठीत धरून शेखरने लाल आणला. तोही साठ दाखवून गेला.

"काऊन बे शेखर, दहा वर्षं तुलेच काम देऊन राह्यलो न मी?" भगवंतराव म्हणाले. "कापसाच्या गाड्या लागल्या बाहेर. तीनपर्यंत झालं तं ठीक, नाहीतर माह्ये आठही कॉम्प्युटर अकोल्याच्या माणसाले."

आठ कॉम्प्युटर म्हणजे शेखरचं अर्धं पोट. त्याने रुईची धूळ फुंकली, पंखा बदलला, दात-ओठ खात निळा बोर्ड बसवला. पडदा उजळला.

साठ.

"दादा, पाटीवर तं कोणीच नाही," काटा सांभाळणारी वंदना म्हणाली.

"दिसते मले!" शेखर खेकसला. "तिन्ही कंपन्या चोर साल्या!" रागाच्या भरात त्याने काट्याची तारच उपटली.

तार हातात लोंबत होती. पडद्यावर साठच.

वंदना खुर्ची सोडून उठली. पण पावणेतीन वाजले होते आणि शेखरची चीड भीतीपेक्षा मोठी होती. जिनिंगवर ओल्या कापसाचं वजन कापतात, तसे त्याने ते साठ किलो कॉम्प्युटरमधून कायमचे कापून टाकले. तार जोडली.

शून्य. बोर्ड विझला नाही. दहा मिनिटं झाली, तरी नाही.

पहिल्या गाडीआधी माणूस उभा करून काटा तपासायचा, ही इथली रीत. वंदना पाटीवर गेली. बाहेरच्या फलकावर लाल आकड्यांत पन्नास उमटले. तिचं वजन तेवढंच.

"हुश्श! सुटलो एकदाचा," शेखर म्हणाला. "हो बाजूले, मीही पाहतो."

ती उतरली. तो चढला. त्याचं वजन साठ.

शून्य.

त्याने पाय आपटला. शून्य.

"वंदना, ये बरं इकडं."

ती बिचकत आली, त्याच्या शेजारी उभी राहिली.

पन्नास.

भगवंतराव ऑफिसच्या दारात आले. आकडा पाहून त्यांची कळी खुलली.

"बरोब्बर! शेखर कुठं गेला व वंदना? सांग त्याले, काम त्याचंच. अन् तू एकटी काऊन उभी तिथं? हो बाजूले."

वंदना उतरली. कापसाची गाडी सरळ पाटीवर, शेखर उभा होता तिथेच आली. गाडीवाल्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही.