सांडलेला ह

आम्ही

"चोरी झाली, पण चोरानं चुकीची वस्तू नेली," शुभदा वाव्हळे म्हणाली. "आता खरी वस्तू कशी वाचवायची ते सांगा."

पंडितच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. अपेक्षा खिल्लारेच्या परभणीतल्या तपास कचेरीत लोक यायचे ते होणाऱ्या जावयाची चौकशी करायला, फार तर बटईदारानं पळवलेली मोटर शोधायला. चोर चुकला म्हणून तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. तसा तो एस.टी.त कंडक्टरी करून मग इकडं आलेला, गर्दीतला खिसेकापू नुसत्या उभं राहण्यावरून ओळखायचा. पण इथं खिसाच दिसत नव्हता.

"वस्तू कोणती?" अपेक्षानं विचारलं.

"नाव."

"कुणाचं?"

"अजून कुणाचंच नाही. तीच तर गंमत आहे."

शुभदा ताडकळसची. खताच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून ती संकेतस्थळांच्या नावांची खरेदी-विक्री करायची. डोमेन. एका नावाचा एकच मालक, आणि दरसाल भाडं भरलं तरच मालक.

"असं समजा," ती पंडितकडं वळून म्हणाली, "आखूड नाव म्हणजे बाजाराच्या तोंडाशी असलेला गाळा. लांबलचक नाव म्हणजे पार नाल्याच्या पलीकडं. नावात आकडा घुसला की भाव पडतो, मधी आडवी रेघ आली की अजून पडतो. चार अक्षरी, बोलता येणारं आणि वर अर्थ असलेलं नाव तर आता शिल्लकच नाही. जुना मालक भाडं भरायला विसरला तरच मोकळं होतं. तसं एक उद्या दुपारी होतंय. ए, ए, एम, आय."

"आमी," पंडित म्हणाला.

"आमी. आपल्याकडं आम्ही. बंगालीत त्याचा अर्थ मी. आसामीत परत आम्ही. तीन मुलखांतली माणसं दिवसभर जो शब्द तोंडात घोळवतात, तो चार अक्षरांत. जुन्या मालकाला त्याची किंमतच कळली नाही. त्याला ती नुसती चार अक्षरं वाटली."

अपेक्षानं पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कसं दिसलं?"

"दिसलं नाही, ऐकू आलं. आठवडी बाजारात एक मावशी भांडत होती, 'आमी काय फुकट बसलोत का हितं?' घरी येऊन पाहिलं, तर हे नाव सुटायच्या रांगेत होतं."

अपेक्षानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. कौतुक तिच्या तोंडावर सहसा दिसायचं नाही. आज दिसलं.

"आता चोरी."

"परवा तिघांना सांगितलं. वेगवेगळं, तोंडी. लिहून कुणालाच दिलं नाही. त्याच रात्री कुणीतरी ए, ए, एम, एच, आय घेतलं. आम्ही. ते नाव कधीपासून मोकळं पडून होतं, कुणी ढुंकून पाहत नव्हतं. घेणाऱ्याचं नाव झाकलेलं आहे."

"पण तुमचं तर शाबूत हाय की," पंडित म्हणाला.

"उद्यापर्यंत. सुटल्या क्षणी देशभरातले लोक झडप घालणार, आणि ताडकळसची लाईट तुम्हाला माहीत आहे. म्हणून तिघांनी तीन ठिकाणांहून एकदमच प्रयत्न करायचा, असं ठरलं होतं. त्यासाठी माझ्या खात्याचा पासवर्ड तिघांना द्यावा लागणार. माझी तीन वर्षांत जमवलेली सगळी नावं त्याच खात्यात आहेत. तिघांतला एक चोर आहे. पासवर्ड दिला तर सगळंच जाईल. नाही दिला आणि लाईट गेली, तर आमी जाईल." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "संध्याकाळपर्यंत मला कळायला पाहिजे, मॅडम."

"तिघं कोण?"

"माझा भाऊ सिद्धोधन, इथं हायस्कूलला मराठी शिकवतो. पुण्याची रेणुका, नावांची दलाल, माझं गिऱ्हाईक तीच आणते. आणि खालच्या दुकानाचे व्यंकटकाका. काकांच्या दुकानाचं नाव मीच काढून दिलं. दादानं स्वतःच्या कवितांसाठी एक घेतलंय. नाव कसं घ्यायचं ते तिघांनाही येतं."

"पंडितराव, सरांना मेसेज टाका. म्हणावं, आमी निघालो."

पंडितनं एका बोटानं टाइप केलं: *आम्ही निघालो आहोत.*

अपेक्षानं त्याच्या खांद्यावरून मोबाइलकडं पाहिलं. मग गाडीची किल्ली उचलायला तिनं उगीचच वेळ लावला.

आमी

सिद्धोधन सर शिक्षक-खोलीत वह्या तपासत होते. लाल पेन, गोल अक्षर.

"शुभाच्या नावांचं मला काही कळत नाही," ते म्हणाले. "पण तिचा कान! आमच्या आईला ओव्या यायच्या, तिथून आला असावा. परवा फोनवर 'आमी' म्हणाली. मी म्हटलं, बाई, ह कुठं सांडलास? ती म्हणते, दादा, तो सांडला म्हणूनच नाव चार अक्षरी झालं. विचारा तिला."

"तुम्ही मुलांचे ह परत घालता?"

"दिवसभर! 'आमी', 'तुमी', 'नाई'. लिहिताना बरोबर लिहितात हो. बोलताना कान पकडावा लागतो."

बाहेर आल्यावर पंडित कुजबुजला, "ताई, झालं की काम! नावात एच कोन घालणार? मराठीचा मास्तर. ते सांडलेल्या ह चं मागून रचलेलं हाय."

"बघू," अपेक्षा म्हणाली. "गाडी ताडकळसला घ्या."

वाटेत रेणुकाला फोन लावला. ती पुण्याच्या रहदारीतून बोलत होती.

"शुभदाचं नाव ना? अमी. मला वाटलं कुणा मुलीचं नाव आहे. मी ए, एम, आय लिहून घेतलं, मग तिनं सांगितलं, दोन ए. एच? एच कुठून येणार? ती काही ह म्हणालीच नव्हती."

"जवळपासची नावं कुणी घेऊन ठेवतं का?"

"मोठं गिऱ्हाईक घेतंच. चुकीचं स्पेलिंग टाकणारा माणूसही आपल्याच दारात यावा म्हणून. पण आधी मोठं नाव हातात, मग धाकटं. उलटं केलं तर सगळ्या बाजाराला वास लागतो. पाहा ना, शुभदाला लागलाच. आणि हो, 'आमी' उद्यापर्यंत कुणालाच मिळणार नाही. सुटायच्या रांगेतलं नाव आधी मागितलं, तर पडद्यावर सरळ 'शिल्लक नाही' येतं."

"दलालीन लय हुशार हाय," फोन ठेवल्यावर पंडित म्हणाला. "आता मला तिच्यावरच शंका यायलीय."

"मघाशी मास्तर होते."

"दोघंबी मिळालेले असतील."

अपेक्षा हसली. "कंडक्टर असताना दोघांना एकच तिकीट द्यायचात का?"

ताडकळसला दुकानाच्या पाटीवर बियाणांच्या पाकिटांची चित्रं होती. खाली निळ्या अक्षरांत: *तुम्ही आमचे, आम्ही तुमचे.*

व्यंकटराव गल्ल्यामागं बसले होते. पांढरी मिशी, खिशाला दोन पेनं. त्यांनी स्वतः खुर्च्या पुसल्या.

"या, बसा. आमी काय लपवायलोत का कुणापासून? पाव्हण्या हायेत तुमी."

"पाटी छान आहे."

"म्या सोताच्या हातानं लिवली. पेंटर शुद्धलेखनात लय चुकतो." ते जिन्याकडं पाहून म्हणाले, "पोरगी माझ्या डोक्यावर बसून राज्य करायलीय बगा. मानसं बाजारात भाजी घेत्यात, ही शब्द घेती. एकदा म्या म्हनलो, ढेकळं. हिनं वर जाऊन त्याचंबी नाव बगितलं."

"परवा तुम्हाला तिनं नाव सांगितलं?"

"सांगितलं की. आमी. म्हनली, काका, तीन दिसांनी मोकळं हुतंय. हुशार हाय, पर तारखेत चुकती कवा कवा."

"आणि तुम्हाला कळतं का हे नावांचं?"

"मला काय कळतंय त्यातलं?" त्यांनी एक पोतं विनाकारण सरळ केलं.

अपेक्षानं चहा संपवला. "शुभदाला खाली बोलवा. सरांनाही येऊ द्या. रेणुकाबाई फोनवर राहतील."

मी

सिद्धोधन सर मोटरसायकलवरून आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पंडितनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. रेणुकाचा फोन गल्ल्यावर उताणा ठेवला.

"आमच्या पंडितरावांना पहिल्याच फेरीत चोर सापडला," अपेक्षा म्हणाली. "सर. कारण ह घालणारा माणूस म्हणजे मराठीचा मास्तर."

सिद्धोधन सरांनी चष्मा काढला. पंडितनं युरियाच्या पोत्याकडं पाहिलं.

"मलाही आधी तसंच वाटलं. शुद्ध बोलणारा शुद्ध लिहिणार. पण जरा उलटं धरून बघा. ज्याच्या तोंडात ह आहे, त्याला दुसऱ्याचा गेलेला ह लगेच ऐकू येतो. काटा टोचावा तसा. शुभदा, सरांनी तुम्हाला फोनवर टोकलं?"

"टोकलं. 'ह कुठं सांडलास?' म्हणाला."

"म्हणजे नावात ह नाही, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. रेणुकाबाईंनाही तेच. कानावर पडलं तसं लिहिलं, अमी. परक्या कानाला शब्द जसा आहे तसाच ऐकू येतो."

"मग ह घातला कुणी?" फोनमधून रेणुका म्हणाली.

"ज्याच्या तोंडी या शब्दात तो कधीच नसतो, त्यानं."

पंडितला काहीच कळेना. अपेक्षानं हात पुढं केला. "पंडितराव, मोबाइल. सकाळी मी तुम्हाला काय लिहायला सांगितलं?"

"आमी निघालो."

"काय लिहिलंत?"

पंडितनं वाचलं. परत वाचलं. "आम्ही निघालो आहोत," तो हळू आवाजात म्हणाला. "पर ताई, हे तर तेच हाय!"

"तुमच्यासाठी तेच. तुमच्या गावी, चारठाण्याच्या शाळेत छडी खाऊन शिकलात ना? बोलायचं आमी, लिहायचं आम्ही. जन्मभर कानावर आमी पडलं, हातातून आम्ही उतरलं. मधली पायरी दिसेनाशी झाली. शुभदा 'आमी' म्हणाली तेव्हा तुमच्यासारख्या माणसाला ह गेलेला ऐकूच येणार नाही. नाव घ्यायला बसला की हात आपोआप एच टाकणार."

"म्हंजे चोर मीच?"

"तुम्हाला नाव कळलं आज. चोरी परवा झाली." अपेक्षा हसली, मग अर्ध्या शटरखालून बाहेर बोट दाखवलं. "ती पाटी ज्यानं स्वतःच्या हातानं लिहिली, तो बोलताना मला म्हणाला, 'आमी काय लपवायलोत का?'"

व्यंकटराव गल्ल्याच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"पाटी एकटी पुरत नाही," अपेक्षा पुढं म्हणाली. "पण काका, तुम्ही अजून एक बोललात. ती तारखेत चुकते. शुभदा, कधी चुकलात?"

"एकदाही नाही. चुकले असते तर या धंद्यात राहिलेच नसते."

"मग काकांना ती चुकली असं का वाटलं? कारण ज्या नावाला तिनं तीन दिवसांनंतरची तारीख दिली, ते त्यांना त्याच रात्री मोकळं दिसलं. रेणुकाबाई म्हणाल्या तसं, खरं नाव उद्यापर्यंत 'शिल्लक नाही' दाखवतं. मोकळं दिसणार ते फक्त एचवालं. तारीख चुकलीय असं मानणारा माणूस एकच, ज्यानं ते नाव मागून पाहिलं आणि ते मिळालं."

बाहेर कुणीतरी सुतळी मागायला आलं आणि शटर पाहून परत गेलं.

"मोकळं दिसलं," व्यंकटराव शेवटी म्हणाले. "म्हनलं, पोरगी चुकली. सांगायला पायजे हुतं. जिन्यापातूर गेलोबी. मग मनात आलं, तीन साल बगायलोय. शब्द माझ्या दुकानात बोलले जात्यात, माझ्याच गिऱ्हाइकाच्या तोंडातून. ऐकू येत्यात फकस्त हिला. एकदा तरी मी म्हनावं, हे नाव म्या हेरलं. मी." त्यांनी शुभदाकडं पाहिलं. "म्या कुठं हेरलं? तुझंच उचललं. अन् तेबी चुकीचं."

शुभदा उठली. पंडितला वाटलं, आता बोलणार. ती सरळ जिना चढून गेली.

"पासवर्ड कुणाला द्यायचा ते तिला कळलं," सिद्धोधन सर म्हणाले. "दोघांना."

ह

दुसऱ्या दिवशी दुपारी पंडित आणि अपेक्षा मुद्दाम ताडकळसला गेले. हिशोब मिटला होता, जायची काही गरज नव्हती. पण अपेक्षा म्हणाली, "त्या पोरीला काम करताना बघायचंय." आणि पंडितलाही तेच हवं होतं.

नाव सुटायला थोडा अवकाश असतानाच लाईट गेली. सगळ्या गावाचा पंखा एकदम थांबला.

शुभदा जिना उतरून थेट खतांच्या दुकानात शिरली. तिथं इन्व्हर्टर होता. फोनवर दादा, फोनवर रेणुका. तिनं लॅपटॉप गल्ल्यावर ठेवला, पासवर्ड घातला आणि व्यंकटरावांकडं फिरवला.

"काका, तुमी बसा."

"म्या?"

"तुमचा लिहिता हात हाय."

व्यंकटराव बसले. एका बोटानं, शाळेतल्या पोरासारखं पुटपुटत, त्यांनी अक्षरं दाबली. "ए. ए. एम." बोट एचवर गेलं. पंडित पुढं वाकला. बोट तिथंच तरंगत राहिलं, मग सरकलं. "आय."

पडदा हिरवा झाला. फोनमधून रेणुका किंचाळली.

"मॅडम," शुभदा डोळे पुसत अपेक्षाला म्हणाली, "आता गिऱ्हाइकाला दोन्ही नावं लागणार. एचवालं काकांकडं हाय, आणि माझ्यामुळं त्याला भाव आलाय. तो भाव काका मला देणार, आणि किती ते मी ठरवणार."

"बोल पोरी," व्यंकटराव उभे राहिले. "मागशील ते."

तिनं कोपऱ्यातला निळ्या रंगाचा डबा त्यांच्या पुढ्यात सरकवला.

संध्याकाळी परतताना पंडितनं गाडी जरा हळू घेतली. शिडीवर चढून व्यंकटराव पाटीला नवा हात मारत होते. एकेक ह खरवडून काढलेला. खाली परभणीहून आलेले सिद्धोधन सर शिडी धरून उभे, आणि मराठीच्या मास्तरानं जन्मात पहिल्यांदा एका चुकीला मान डोलावली होती.

*तुमी आमचे, आमी तुमचे.*

"कसं वाटतंय?" अपेक्षानं विचारलं.

पंडितनं काच खाली करून पाटी परत वाचली. पन्नास वर्षांत हा शब्द असा लिहिलेला त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "ऐकू यायलंय."