धाकट्याची ओ

मेघकड्यावर उजाडले ते धुक्यातच. गनिमाचे मोर्चे खालच्या माचीला भिडून महिने लोटले होते, कोठारातली नाचणी तळाला गेली होती, आणि शिबंदी केवळ किल्लेदार सिदोजीराव खराड्यांच्या तोंडाकडे पाहून तटावर उभी होती. अशा वेळी चोरवाटेच्या तोंडाशी, बांबूची लांब फुंकनळी मांडीवर घेऊन बुधा शिकारी एकटाच बसला होता.

त्याचा धाकटा भाऊ शुक्ऱ्या गनिमाच्या हाती सापडला होता. त्याची बायकापोरे ओलीस ठेवून आज त्यालाच चोरवाटेचा वाटाड्या केल्याची खबर होती.

"बंदूक वाजली तर मागचे सावध होतील," सिदोजीराव म्हणाले होते. "वाटाड्या गुपचूप पडला पाहिजे. बुधा, हा हुकूम नव्हे. गडावरच्या लेकराबाळांसाठी आम्ही पदर पसरतो."

"पदर नगा पसरू, सरकार. पर त्यो माझ्या पाठचा हाय."

दोघे भाऊ जन्मभर जोडीने शिकार करत आले. एकाने पारव्याची साद घालायची, दुसऱ्याने फुंकायचे. ज्याने साद घातली त्याने फुंकू नये, हा त्यांच्या कुळाचा नेम. तो मोडणे म्हणजे दगाच.

खाली खडा घसरला. धुक्यात सावल्या हलल्या, पण त्यांतला शुक्ऱ्या कोणता हे कळेना, आणि भलत्याला टिपले तर सगळेच मुसळ केरात. बुधाने विष माखलेला काटा नळीत सरकवला आणि पारव्यासारखा घुमला.

खालून तशीच ओ आली.

शुक्ऱ्या उघड्या कातळावर चढला, गळ्याचे फडके सोडले आणि मान वर करून उभा राहिला. बुधाने नळी ओठांना लावली. कुळाचा नेम मोडून त्याने फुंकर मारली. काटा लागताच शुक्ऱ्या मुकाट्याने खाली बसला आणि मागच्यांना हाताने डावीकडे जाण्याची खूण केली. डावीकडे वाट नव्हती, दरी होती.

मागची निवडक तुकडी धुक्यात दरीत कोसळली आणि वेढा उठला. पळापळीत गनिमाने ओलीस मागेच टाकले.

सदरेवर सिदोजीरावांनी मानाचे कडे पुढे केले. "फितुरास मारून गड राखलास!"

"फितूर म्हनू नगा, सरकार. दरी त्यानंच दावली."

सिदोजीराव उठून उभे राहिले आणि ते कडे त्यांनी नुकत्याच सुटून सदरेवर आलेल्या शुक्ऱ्याच्या बायकोपुढे, चैतीपुढे धरले. तिने ते घेतले नाही.

"काटा कुनाचा हुता, दादा?"

गडावर सगळ्यांना ठाऊक होते. तिला सांगण्याची छाती मात्र कुणाचीच झाली नव्हती.

"माझा," बुधा म्हणाला.

तिने पोराला कडेवर घेतले आणि ती गड उतरू लागली. बुधा तिच्यामागे निघाला, तेव्हा वळून न पाहता तिने हात आडवा केला. तो जागीच थांबला.