गिधाडमाथ्यावरचा माणूस

माघ सरत आला होता. कोकणच्या अंगाने चढलेले धुके घाटमाथ्याला येऊन अडले होते आणि त्या पांढऱ्या पसाऱ्यातून भैरवकड्याचे बुरूज तेवढे वर दिसत होते. गड हळूहळू पाण्यात बुडत चालला असावा, तसे. दसऱ्यापासून गडाला पातशाही फौजेचा वेढा होता. अंबारातली नाचणी तळाला गेली होती. पलीकडच्या रानात दोनशे मावळे धान्याचे बैल घेऊन दडून बसले होते, आणि ही रसद आज बारीच्या खिंडीतून गडावर चढायची होती.

गडावरून खिंड दिसत नसे. ती दिसे गिधाडमाथ्यावरून, समोरच्या लांब डोंगरधारेच्या टोकाला असलेल्या त्या खडकाळ शिखरावरून. खिंड मोकळी असली की माथ्यावरून धूर निघे, तो पाहून गड आपला धूर करून जबाब देई, आणि गडाचा धूर दिसला की रसद खिंडीत शिरे. दगा दिसला तर गडाची तोफ वाजे आणि रसद माघारी फिरे. माथ्यावरच्या धुराचे काम आंबेमेटाच्या सुभानजी नाईकाकडे होते. त्याच्या बापाकडेही तेच होते.

तो सुभानजी नाईक या पहाटे कमरेला काढणीचा दोर बांधलेल्या स्थितीत धारेच्या पायथ्याशी, मेटाजवळच, उभा होता.

मेटावर रात्रीच घाला पडला होता. गडाच्या वाटेवरची ती पंधरावीस घरांची चौकी. तिथली सारी माणसे आंब्याखाली बसवली होती. त्यात सुभानजीची बायको राही होती, धाकटा भाऊ हरजी आणि त्याची लेकरे होती.

"नाईक," गड सोडून पातशाहीला मिळालेले पिराजीराव काटकर शांतपणे म्हणाले, "आम्ही गडाच्या सदरेवर सात वर्षे बसलो आहोत. धुराची रीत आम्हांला शिकवू नका. एक धूर म्हणजे खिंड मोकळी. तेवढा करा. रसद खिंडीत शिरली की मेट सुटले, ही आमची जबान."

"आणि नाही शिरली तर?"

"गडाची तोफ ऐकू आली, तर दगा समजावा, असा हुकूम इथल्या जमादाराला देऊन ठेवला आहे. पुढचे तोंडून वदवू नका."

राहीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे पाहिले. एवढेच.

वाट चढू लागली. पुढे पिराजीराव, मागे चार हत्यारबंद, आणि सुभानजीची काढणी हातात धरून लिंबाजी नावाचा एक जाडजूड शिलेदार. तो गंगथडीचा, काळ्या सपाट रानातला. डोंगर त्याने या वेढ्यातच पहिल्यांदा पाहिला होता. धारेवर आल्यावर दोन्ही बाजूंची दरी बघून तो मटकन खाली बसला.

"आयला! हिला वाट म्हणता तुम्ही लोक? आमच्याकडं शेताचा बांध यापेक्षा रुंद असतोय."

"ऊठ लिंबाजी," मागचा एकजण हसला. "नाईकाला तू धरलायस की नाईकानं तुला?"

"दोरीला दोन टोकं असत्यात बाबा. मी पडलो तर नाईकही येणार. काय हो नाईक, येणार ना?"

सुभानजीला हसू आले नाही; पण त्याने पाऊल आवरते घेतले, दोरी सैल सोडली आणि म्हणाला, "दरीकडं बघू नका. माझ्या टाचांकडं बघा. मी ठेवतो तिथंच पाय ठेवा."

लिंबाजीने तसेच केले. उन्हे वर आली, धुके वितळले. कारवीची सुकी झाडी अंगाला घासत होती, पायाखालचा मुरूम सुटत होता. धारेच्या एका अरुंद खांद्यावर लिंबाजीने कमरेची भाकर सोडली, अर्धी मोडून सुभानजीपुढे केली.

"खा. उपाशी माणसाचा धूर नीट निघत नाही."

"भूक नाही."

"मला आहे, पण तुमच्यासमोर एकट्यानं खायची लाज वाटती. घ्या." मग हळूच, "वरून दर्या दिसतो म्हणे? गावाकडं सांगितलं तर कोणी खरं मानायचं नाही. पण एकदा बघायचा आहे."

"आभाळ स्वच्छ असलं तर दिसतो," सुभानजी म्हणाला आणि त्याने भाकर घेतली.

चालताना त्याच्या मनात एकच हिशेब चालू होता, आणि त्या हिशेबात अजून तरी कोणी मरत नव्हते. पिराजीरावांना धूर ठाऊक होता. पण ते सदरेवरचे माणूस, माथ्यावर कधी चढले नव्हते. आज्याच्या काळी एकदा वणव्याच्या धुराने गड फसला होता, तेव्हापासून मेटकऱ्यांत आणि गडाच्या टेहळ्यांत एक रीत पडली होती: नुसत्या धुराला गड जबाब देत नसे. धूर करणाऱ्याने माथ्याच्या टोकावरच्या उघड्या खडकावर चढून, गडाचा धूर उठून विझेपर्यंत उभे राहायचे. आभाळावर माणूस दिसला तर धूर खरा. माणूस मध्येच उतरला तर दगा.

म्हणजे आज सुभानजीने काही करायचेच नव्हते. धूर करायचा आणि खाली बसून राहायचे. गड गप्प राहील, रसद रानातच थांबेल, तोफ वाजणार नाही. टेहळ्यांची नजर चुकली असेल, असे पिराजीराव समजतील. अंधार पडेपर्यंत वेळ मिळेल, आणि अंधारात मेटावरचे काहीही घडू शकेल. आशा एवढीशीच होती. पण तिच्या बळावर तो धार चढत होता.

माथ्यावर पोहोचले तेव्हा सूर्य डोक्यावर येत होता. खाली बारीची खिंड निपचित होती. तिच्या दोन्ही अंगांना झाडीत दडलेल्या पातशाही पठाणांची पागोटी इथून स्वच्छ दिसत होती. समोर दरीपलीकडे गडाचा बुरूज. सुभानजीची काढणी सोडली गेली. त्याने कपारीतली सुकी लाकडे काढली, वर ओली पाने टाकली, चकमक झाडली. धूर सरळ, जाड, एकच असा उठला.

"छान," पिराजीराव म्हणाले. "आता?"

"आता वाट बघायची, राव."

सुभानजी धुनीजवळ बसला. गड गप्प होता. सारे त्याच्या मनासारखे चालले होते.

"तो बघा! तोच ना दर्या?"

आवाज वरून आला. सुभानजीने मान वर केली आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. दोरीतून मोकळा झालेला लिंबाजी टोकावरच्या खडकावर चढला होता आणि कपाळाला हात लावून पश्चिमेकडे पाहत होता. सबंध धारेवर भ्यालेला माणूस आता दरीच्या कडेला ताठ उभा होता.

"खाली या," सुभानजी म्हणाला.

"थांबा ओ, डोळे भरून बघू द्या."

"निसरडं आहे. पडाल. खाली या, लिंबाजी!"

"सकाळी पडलो न्हाई, आता काय पडतो? अहो, केवढा हा! काठच दिसत न्हाई."

बोलता येत नव्हते. का उतरायचे, हे सांगितले की पिराजीरावांना रीत कळली. न सांगावे तर तो उतरत नव्हता. आणि तेवढ्यात गडाच्या बुरुजावरून निळसर धुराची रेघ वर चढू लागली. माथ्यावरचा माणूस गडाने पाहिला होता. रानाच्या कडेला पहिला बैल झाडीबाहेर आला, त्याच्यामागे दुसरा.

सुभानजीने खालच्या खिंडीकडे पाहिले. मग मागे, दूर, आंबेमेटाच्या झाडांकडे पाहिले. मग तो उठला, खडकावर चढला आणि त्याने लिंबाजीचा घोटा धरून आतल्या बाजूला ओढला.

आतच ओढले होते, हे पुढे त्याने देवासमोर सांगितले. पण लिंबाजी दचकून वळला, तोल सावरायला त्याने दुसरा पाय बाहेर टाकला, आणि तिथे खडक नव्हता. त्याच्या तोंडून "नाईक" एवढाच शब्द निघाला.

सुभानजी खडकावरून खाली घसरला. गडाचा धूर थबकला. मग तोफ वाजली. दरीत तिचा आवाज पुन्हा पुन्हा फिरत राहिला. बैल माघारी वळले, झाडीत दिसेनासे झाले. पठाण खिंडीत उभेच राहिले.

पिराजीराव खडकाकडे पाहत होते. "वर माणूस उभा लागतो," ते सावकाश म्हणाले. "सात वर्षे सदरेवर बसलो आणि हे कोणी बोलले नाही."

सुभानजी त्यांच्या पायांवर कोसळला. "राव, माणूस धाडा. निशाण दाखवा. काहीही करा. तोफ माझ्यापायी वाजली, मला मारा. मेटावर सांगावा पोहोचवा."

"कसा पोहोचवू, नाईक? अर्ध्या दिवसाची वाट आहे." ते मेटाच्या दिशेने वळले. "आमचा हुकूम आता आमच्याही हातात नाही."

दूर, आंब्यांच्या गर्दीतून, एक काळी रेघ वर येऊ लागली. मग ती रुंद झाली. या माथ्यावरून सारा मुलूख दिसत असे, तेही दिसले. सुभानजी पाहत राहिला, कारण पाहण्याखेरीज तिथे करण्यासारखे काही नव्हते.

"याला उडवू?" एका हत्यारबंदाने विचारले.

"राहू दे," पिराजीराव म्हणाले. "त्याची माणसे उचलायला कोणी तरी हवे. चला, गडावरून कुमक निघायच्या आत धार उतरली पाहिजे."

रसद त्याच रात्री, बैल रानातच सोडून, माणसांच्या पाठीवरून दुसऱ्या बाजूच्या चोरवाटेने गडावर चढली. पावसाळ्याच्या तोंडावर वेढा उठला. किल्लेदारांनी भरसदरेत सुभानजी नाईकाला सोन्याचे कडे देऊ केले. त्याने मुजरा केला, कडे घेतले नाही. फक्त दरीत उतरायला चार माणसे आणि लांब दोर मागितले. मेटाच्या माणसांना अग्नी देऊन झाला होता. एकच जण उरला होता.

"गनिमाचे प्रेत?" किल्लेदार म्हणाले. "नाईक, कशासाठी?"

"उघड्यावर पडलंय, जी."

हाडे मिळाली तेवढी आणली. नदीकाठी गडाच्या जोशीबुवांनी साऱ्यांची तिलांजली एकदमच द्यायला सांगितली. सुभानजी एकेक नाव सांगत होता, जोशीबुवा ते मंत्रात गुंफत होते. राही. हरजी. हरजीची लेकरे. मेटावरचे शेजारी. शेवटी तो थांबला.

"आणखी कोणी?"

"लिंबाजी."

"बापाचे नाव?"

सुभानजीला ते ठाऊक नव्हते. गाव ठाऊक नव्हते, कुळी ठाऊक नव्हती. ओंजळीतले पाणी बोटांतून गळत होते आणि जोशीबुवा खोळंबले होते.

"माझ्याच बापाचं नाव लावा," तो म्हणाला, आणि त्याने पाणी सोडले.