वरचा फोन

धुळ्यात देवपूरला आमचं घर तीन मजली. शहाण्णवच्या मार्चमध्ये आबा, माझे वडील, गेले ते सगळ्यात वरच्या खोलीत. आजारपणात त्यांना पडल्या पडल्या माझ्याशी जळगावला बोलता यावं म्हणून कॉर्डलेस फोन आणला होता. वर नेला की त्यात नुसती खरखर येई. आमचं बोलणं राहूनच गेलं.

तेरावं झाल्यावर आई त्याच खोलीत राहू लागली.

"माझ्याबरोबर जळगावला चल," मी म्हणाले.

"वर फोन लागला, तर मी इथंच राहीन. नाही लागला, तर येईन."

मी लोटनभाऊ मेकॅनिकला बोलावलं. फोन लागू नये असंच मला वाटत होतं.

जुना फोन तळमजल्यावर, त्याच्याशेजारी कॉर्डलेसचा बेस. दोन्ही एकाच लाइनवर. लोटनभाऊंनी छत ठोकून पाहिलं.

"बठ्ठ्या सळयाच शेतस, ताई. आबासनी घर बांधं का तुरुंग?"

सगळं छतच लोखंडानं भरलेलं, म्हणून वर नुसती खरखर. त्यांनी वायर वाढवून बेस जिन्यातल्या वरच्या वळणावर बसवला, एरियलला तांब्याची तार जोडली. मग ते खालच्या फोनवर गेले आणि मी हँडसेट घेऊन वर.

खरखर गेली होती.

"आवाज बारीक येतोय," मी म्हणाले.

"दोन्ही उचलेल शेतस ना. एक ठेवा का दुसरा मोठा येस. आनि ताई, फुका नका. कानमा भरस."

"मी कुठे फुंकलं?"

"दोनदा."

आबा फुंकत. धरणगावच्या जिनिंगमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. तिथल्या फोनच्या तोंडाशी कापसाचे तंतू बसत, म्हणून बोलण्याआधी दोनदा फुंकर. घरच्या स्वच्छ फोनवरही ती सवय सुटली नाही.

मी हँडसेट कानापासून दूर धरला. आई पलंगाच्या कडेला बसली होती. उशीची जागा मोकळी सोडून.

"लागला ना?"

"लागला."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच एसटीत बसले.

रविवारी दुपारी जळगावहून फोन लावला. घरात आईशिवाय कोणी नव्हतं. फोन लगेच उचलला गेला.

फुंकर. पुन्हा फुंकर.

"आई?"

मग खालचा रिसीव्हर उचलल्याचा खडखडाट, मागे कुकरची शिट्टी आणि आईचा बारीक, धापा टाकणारा आवाज.

"अगं, स्वयंपाकघरात होते मी."

"वर कोण आहे?"

आबांना औषध पाजताना बोलायची, त्या आवाजात ती म्हणाली,

"ऐकलंत ना तिला? ठेवा आता."

टक्.

"हं, बोल," आई म्हणाली.

तिचा आवाज आता चांगला मोठा येत होता.