रुमालाखालचा सौदा

पुष्पांजली त्या दुकानात गेली ती मावशीचा जळालेला मिक्सर घेऊन. गिटार बघायला नव्हे, आणि मुलगा बघायला तर मुळीच नव्हे. डोणगावच्या शाळेत शिकवणारी ही मुलगी रविवारी लोणारला कोकिळामावशीकडे जेवायला काय येते, मावशी चटणी वाटायला काय घेते आणि मिक्सरमधून धूर काय निघतो! बसस्टँडमागे मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, तिथे टाकून ये, असं मावशी म्हणाली, म्हणून ती गेली.

दुकानात शेतातल्या मोटारी पोट उघडून पडल्या होत्या. तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास, आणि मधोमध बसून एक तरुण तारेचे वेढे मोजत होता. त्याने मान वर न करता हातानेच 'थांबा' अशी खूण केली. पुष्पांजलीला राग आला. रागाच्या भरात तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि भिंतीवर, दोन जुन्या पंख्यांच्या मधे, ती खिळ्याला टांगलेली दिसली.

फिकट पिवळं लाकूड, अंगाने सडपातळ. डोक्याला लोखंडी चाव्या नव्हत्याच. वीणेला असतात तशा लाकडी खुंट्या होत्या. अमरावतीला बी.एड. करताना पुष्पांजली गिटार शिकली होती, आणि अशी स्पेनची फ्लामेंको गिटार तिने फक्त मोबाइलवर पाहिली होती.

"भाऊ, ही... ही तुमच्याकडे कशी?"

"एकशे बेचाळीस," तो म्हणाला. मग दचकला. "काय म्हणाल्या?"

"चुकले ना वेढे?"

"हाव." तो हसला. "आता पयल्यापासून."

वेढे चुकले म्हणजे दोन तासांचं काम वाया गेलं, हे तिला नंतर कळलं. त्याने मात्र तार बाजूला ठेवली, हात पुसले, आणि गिटार काढून तिच्या हातात दिली. ती इतकी हलकी होती की पुष्पांजलीला वाटलं, आत काही राहिलंच नसेल. पण आत कागदाची चिठ्ठी होती. ग्रानादा, स्पेन, १९६७.

"आबाची हाये," तो म्हणाला. त्याचं नाव हर्षल. आबा म्हणजे त्याचे आजोबा वामनराव, बैलबाजारातले जुने दलाल. फार वर्षांपूर्वी स्पेनचा एक साहेब सरोवराचं पाणी तपासायला आला आणि चार महिने त्यांच्या माडीवर भाड्याने राहिला. जाताना गिटार वामनरावांना देऊन गेला आणि बजावून गेला, की वाजवील त्याच्याच हाती द्या.

"अन् हे काय झालं?" तिने बोट ठेवलं. तारांखाली एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली होती आणि तिचा कोपरा उचकटलेला होता.

"आजीनं केलं. तिले वाटलं, नव्या वस्तूवरचा प्लास्टिक हाये. चाकू घेऊन काढाले बसली होती."

"अहो, ती मुद्दाम असते. वाजवताना लाकडावर बोटं आपटतात त्यासाठी!"

"मले माहीत हाये," तो म्हणाला, आणि घाईने पुन्हा तार उचलली.

तेवढ्यात आतून वामनराव आले. पांढरं धोतर, खांद्यावर मोठा रुमाल, आणि नजर अशी की माणसाचेही दात मोजेल. पुष्पांजलीने दोन साधे सूर छेडले. म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकलं.

"वाजवता येते तुले. घेऊन टाक, पोरी. पन्नास हजार."

"आबा..." हर्षल म्हणाला.

"फुकट नेलेला गोऱ्हा मी कोणाच्या दारात धड पाह्यला नाई. पैसा मोजला की माणूस जपते."

पुष्पांजलीकडे स्कूटीसाठी साठवलेले पैसे होते. आणखी दोन महिने, की स्कूटी दारात. ती म्हणाली, "विचार करून सांगते."

विचार चांगला चार रविवार चालला. दर रविवारी ती मावशीकडे येई, आणि गिटार 'पुन्हा एकदा बघायला' दुकानात जाई. खुंटी सरकते का पाहू, लाकडाला भेग आहे का पाहू... लाकडाला भेग नव्हती, हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पहिल्या रविवारी ती त्याला 'भाऊ' म्हणाली होती. दुसऱ्या रविवारी ती त्याला काहीच म्हणाली नाही. तिसऱ्या रविवारी 'हर्षल' म्हणाली, तेव्हा त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"मॅडम, तुमचा विचार लय मोठा दिसते," तो म्हणाला.

"घाई हाये का तुम्हाले?"

"मले? नाई बा. तुम्ही सावकाश करा. उन्हाळ्यापर्यंत केला तरी चालीन."

"अन् उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात मोटारी लय जळतात. तवा बोलाले फुरसत नसते... तुम्ही आल्या तं काढू म्हणा."

तिने हसू दाबायला खाली पाहिलं, आणि तिला त्याचा उजवा हात दिसला. मोटारीचं काम करणाऱ्या माणसाची नखं लांब होती, पॉलिश पेपरने घासून गोल केलेली. डाव्या हाताची मात्र अगदी बारीक कापलेली. तिने विचारलं नाही. पण घरी जाताना बसमध्ये तिच्या डोक्यात तोच हात राहिला.

चौथ्या रविवारी ती दुपारीच पोचली. जेवणाची वेळ, शटर अर्धं खाली. आतून आवाज येत होता. कोरडा, खणखणीत, तारांचा पाऊस पडावा तसा, आणि मधेच लाकडावर बोटांचा ठोका. पुष्पांजली तिथेच उन्हात उभी राहिली. तिचे बी.एड.मधले सूर यापुढे बालवाडीतले होते. वाजवणाऱ्याने गिटार अगदी आपलीशी करून टाकली होती. सूर थांबले तेव्हा तिने शटरखालून वाकून आत पाहिलं. उजव्या हाताची ती लांब नखं तारा छेडण्यासाठी होती.

हर्षलचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "कोणाले सांगू नका."

"काऊन?"

"सहा वर्षं झाली. मोबाइलवर पाहूपाहू शिकलो. गावात समजलं तं म्हणतीन, मोटारवाल्याले काय शौक चढला. आबानं एकडाव इचारलं होतं, वाजवतं का बे? मी नाई म्हणून बसलो. आता कोण्या तोंडानं सांगू?"

"आणि मी घेऊन गेले तर?"

तो गिटारवरची धूळ पुसत राहिला. धूळ नव्हतीच. "तुम्ही नेली तं चांगल्या घरी जाईन," तो म्हणाला.

आता खरी पंचाईत झाली. गिटार घ्यावी, तर ती याच्या हातातून जाते. न घ्यावी, तर वामनराव दुसरं गिऱ्हाईक बघणार. ते त्यांनी बघितलंही. शनिवारी मावशीचा फोन आला. पुण्याचा एक दुकानदार मंगळवारी गाडी घेऊन येतोय, म्हातारा म्हणतो तुझ्या त्या पोरीले शेवटचं इचार. पुष्पांजली रात्रभर कूस बदलत राहिली. गिटार गेली तर वाईट वाटेल, हे खरंच होतं. पण दुकानात जायचं कारण गेलं तर काय वाटेल, ते तिला जास्त लख्ख कळलं. मग तिने स्कूटीचे पैसे पर्समध्ये घातले आणि पहिली बस पकडली.

वामनराव दुकानापुढे खाट टाकून बसले होते. हर्षलच्या आजी मनकर्णाबाई शेजारी तूर निवडत होत्या.

"घेते, आबा," पुष्पांजली म्हणाली.

"असं नाई. सौदा माह्या रीतीनं होईन." त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा आणि एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचा. पाहणाऱ्याला काही कळत नाही. "एक बोट म्हणजे दहा हजार. पण माह्या बोटाले आता समजत नाई. हर्षल, बस माह्या जागी."

हर्षल बसला. त्याचे कान लाल झाले होते. वामनरावांनी दोघांच्या मधे रुमाल पसरला आणि ते दूर सरकून बसले. दलालाने मधे बघायचं नसतं.

रुमालाखाली त्याचा हात आला. गरम, खरबरीत. त्याने तिची पाच बोटं धरायला हवी होती. त्याने तीनच धरली.

तिने वर पाहिलं. तो निर्विकार. तिने हात सोडवला आणि पाच बोटं मोजून त्याच्या हातात ठेवली. त्याने दोन धरली. ती पुन्हा पाच. त्याने एक धरलं, आणि तेही करंगळी.

"लय वेळ लागून राह्यला," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"पोरगी पक्की दिसते, भाव पाडून राह्यली," वामनराव समाधानाने म्हणाले.

विकणारा भाव उतरवतोय आणि घेणारी चढवतेय, असा सौदा त्या बाजारात आजवर झाला नव्हता. पुष्पांजलीला हसू येत होतं. तिने या वेळी त्याचीच बोटं घट्ट धरली, पुरे आता असं सांगायला... आणि तिचं हसू जिथल्या तिथे थांबलं. तिने एकेका बोटाचं टोक चाचपून पाहिलं. अंगठा. तर्जनी. मधलं बोट.

तिने रुमाल ओढून बाजूला केला. भर सौद्यात रुमाल काढलेला वामनरावांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ते ताडकन उभेच राहिले.

"नखं काऊन कापली?" ती म्हणाली.

"तुम्ही नेणारच होत्या ना. मंग कायले ठेवू?"

"आबा, तुमचा नातू वाजवते. माझ्यापेक्षा लय चांगली. तुम्हाले सांगाले भेते."

वामनरावांनी नातवाकडे पाहिलं. हर्षलने मान खाली घातली. "खोटं बोललो होतो, आबा."

"मंग इकाले काऊन बसला बे?"

हर्षलने मान वर केली. तो आबांशी बोलत होता, पण पाहत पुष्पांजलीकडे होता. "तिले आवडली म्हणून. अन् ते... इकाची नाई म्हटलं असतं तं मंग ती कायले आली असती इथं? मले गिटार नसली तं जमून जाईन. रविवार आला अन् ती नाई आली, तं नाई जमत."

मनकर्णाबाईंचं तूर निवडणं थांबलं. पुष्पांजलीला वाटलं, आपला चेहरा भर रस्त्यात चुलीसारखा तापला असणार. पण बरं वाटत होतं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"सांगायचं ना मग," ती म्हणाली.

"कसं सांगू? तुम्ही भाऊ म्हणाल्या होत्या."

"एकदाच म्हणाले होते. अन् आता 'तू' म्हण."

वामनरावांनी रुमाल झटकला, घडी केली आणि खांद्यावर टाकला. "या सौद्यात दलालाचं काम नाई," ते बायकोला म्हणाले. "चहा मांड." मग पुष्पांजलीकडे वळून म्हणाले, "गिटार कोणाची म्हणू, ते तेवढं सांग."

"माझी. मी पैसे आणलेत." तिने पुडकं त्यांच्या हातात ठेवलं. "घरी नेते. ज्याले वाजवायची असेल त्यानं डोणगावले यावं."

"दर रविवारी?" हर्षलने विचारलं.

"माझे बाबा असतात घरी. त्यांच्यासमोर वाजवावं लागीन."

"कवापासून येऊ?"

"नखं वाढली की."

त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तेवढं नाई थांबवत," तो म्हणाला.

डोणगावसाठी मेहकरला गाडी बदलायची असते; तीनच्या मेहकर गाडीत खिडकीशी पुष्पांजली बसली होती. शेजारी स्वच्छ शर्ट घातलेला हर्षल, मांडीवर चादरीत गुंडाळलेली गिटार. कंडक्टर आला. पुष्पांजलीने पैसे पुढे केले. "मेहकर. एक फुल, एक हाफ." हाफ तिचं, एसटीत बायकांना अर्धंच तिकीट.

"अन् माह्यं परतीचं?" हर्षलने हळूच विचारलं.

"ते बाबाले विचारू," ती म्हणाली, आणि चादरीखाली त्याचा हात शोधून धरला.