दाराकडून खुर्चीकडे

मी गणिताची मास्तरीण, भूतबीत मला चालत नाही. म्हणून आधी टाकीचं सांगते.

इंदूरपासून समुद्र कुठल्या कुठे! पण सुदामा नगरातल्या आमच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची टाकी आहे. ह्यांची हौस. जयसिंगराव महूच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. टाकीतल्या लांब खडकावर, दाराकडून माझ्या खुर्चीपर्यंत, झोअँथिड नावाचे जीव पसरलेत. बटणाएवढी तोंडं, भोवती झालर, खाली सगळ्यांची कातडी एकच. सावली पडली की मिटतात.

"तुरुतुरु येऊ नकोस गं, बुजतात ती," हे माझ्यावर ओरडायचे. "हाडं नाहीत ना त्यांना. पाण्यातली रेती उचलून अंगात बसवतात."

म्हणून हे गेल्यावर अस्थी नर्मदेत सोडताना चिमूटभर राख मी पदरात बांधून आणली आणि टाकीत सोडली. राहू देत घरातच, कुणाचं काय जातंय?

मग एकदा दुपारच्या चहाला, खोलीत दुसरं कुणी नसताना, तोंडं दारापासून मिटत आली. थोडी मिटली, थांबली, मग लांबट पट्टा. पुन्हा थोडी, पुन्हा पट्टा. हे डावा पाय ओढत चालायचे, तस्संच. खुर्चीपाशी येऊन थांबलं.

मी पडदे ओढून पाहिले, पंप बंद केला, दिवा बदलला. रोज चहाला तेच. शेवटी शहाणपणा सोडला अन् दोन कप मांडायला लागले. खोटं कशाला बोलू, घर खायला उठायचं ते थांबलं.

आमची लेक ऋजुता पुण्याहून फोनवर भडकली. "आई, बस हो गया ना आता! अकेली किती दिवस राहशील? दुकानवाले समीर भिया उद्या टाकी घेऊन जातील. तू इकडे ये."

"बरं," म्हटलं. भांडायला जीव उरला नव्हता.

आज चहा ठेवला. चाल आली, खुर्चीपाशी थांबली. मला रडूच फुटलं.

"अहो, उद्या ही टाकीही नेतायत. तिथे फ्लॅटमध्ये मी भिंतींशी बोलू का? मला घेऊनच जा ना."

तोंडं हळूहळू उघडली.

मग पुन्हा मिटू लागली. या वेळी माझ्याकडून दाराकडे. थोडी, मग लांबट पट्टा. हे निघाले होते.

ती उघडतात न उघडतात तोच मागून दुसरी चाल.

तुरुतुरु.

दोन्ही दारापाशी गेल्या.

मी खुर्चीतच बसले होते. हातातला चहा अजून गरम होता.