वेणूबाई सही देऊ देत नाहीत

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि अजून त्याच घरात राहतेय.

कोपरखैरणे. गेल्या मार्गशीर्षातला गुरुवार. दिवेलागणीची वेळ.

आमची बिल्डिंग जुनी, सगळे भाडेकरू. बहुतेक साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या मार्केटात माल उचलणारे. माझा नवरा पंढरीही तिथेच. म्हातारे मालक होते तोवर ठीक होतं. ते गेले आणि त्यांच्या पोराला, धर्मराजला, अक्कल सुचली. खोल्यांचे ओनरशिप फ्लॅट करून विकायचे. आम्हाला म्हणाला, परवडत असेल तर घ्या, नाहीतर खोली सोडल्याच्या कागदावर सही द्या आणि निघा.

निघा म्हणे! जसे काय आम्ही लग्नाला आलेले पाहुणे.

गच्चीवर मीटिंग झाली. सगळे तावातावाने बोलले, पण निकाल लावला आमच्या शेजारच्या वेणूबाईंनी. एकट्या बाई. नवरा कधीचाच गेलेला, मूलबाळ नाही. सारा जन्म त्या खोलीत काढलेला.

म्हणाल्या, "सही कुणी द्यायची नाय. दिली, तर माज्याशी गाठ हाय."

आम्ही हसलो.

महिनाभरात वेणूबाई गेल्या. झोपेतच.

आमच्यात माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरून दिवा लावतात, वर टोपली झाकतात. दहाव्यापर्यंत दिवा विझू द्यायचा नाही. मग पिठात पाऊल उमटलंय का बघायचं, म्हणजे जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं. बाईंना कुणी नव्हतं, म्हणून तेल मीच घालत होते.

तिसऱ्याच दिवशी धर्मराज कामगार घेऊन आला. दिवा पायाने सरकवला. पीठ झाडून काढलं. कुलूप ठोकलं.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो थंडपणे म्हणाला, "काकी, भाडेकरू मेला की भाडं संपलं."

मेलेल्या माणसाचं पीठ झाडलं हो त्याने! आठवलं की अजून अंगाची लाही होते.

त्या खोलीचा त्याने सॅम्पल फ्लॅट करायला घेतला. भिंती फोडल्या, पीओपी मारलं. संध्याकाळी कामगार गेले की खोलीला कुलूप.

आणि मग भिंतीपलीकडून...

बांगड्यांचा आवाज. कणीक मळताना होतो तसा.

पंढरी म्हणाला, उंदीर असेल. उंदीर बांगड्या भरतो का?

एका सकाळी कामगारांनी आम्हाला बोलावून घेतलं. फरशीवर पांढरी पूड बसली होती. आणि त्या पुडीत...

पावलं.

अनवाणी, बाईमाणसाची. दारातून आत, दिवा होता त्या कोपऱ्यापर्यंत. परत फिरलेलं एकही पाऊल नव्हतं. कामगार सामान उचलून गेले ते फिरकलेच नाहीत.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? म्हटलं, बस आता बोंबलत.

पण धर्मराज कसला वस्ताद! त्याने पाण्याची मोटर बंद केली. कळशा वाहून आमची कंबर मोडली. एकाने सही दिली की बाकीचे देणार, हे त्याला माहीत होतं. आणि तो एक निघाला माझाच नवरा.

त्या गुरुवारी तो धर्मराजचा कागद घेऊन बसला. म्हणाला, "बास झालं. मी सही देतोय."

माझं डोकंच फिरलं. हातातली पिठाची परात मी जमिनीवर आपटली. पीठ पार उंबऱ्यापर्यंत उडालं.

मग लक्षात आलं... पलीकडच्या बांगड्या थांबल्या होत्या.

पंखा बंद, रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा ऐकू येईनात.

आणि उंबऱ्याजवळच्या पिठात... एक पाऊल दाबलं गेलं.

आमच्या डोळ्यांसमोर. दारात कुणी नव्हतं.

मग दुसरं. बोटं पंढरीकडे.

तिसरं पाऊल त्याच्या मांडीला टेकेल इतकं जवळ उमटलं. त्याने पेन टाकलं, कागद फाडला आणि भिंतीला पाठ लावून बसला. पावलं तिथेच थांबली.

बाहेर गेलेलं एकही पाऊल नव्हतं.

बिल्डिंगमध्ये अजून कुणीच सही दिलेली नाही. सगळे म्हणतात, मंजुषा, तुम्ही दोघं घट्ट राहिलात म्हणून घरं वाचली. मी मान डोलावते. काय सांगू त्यांना?

आता मलाच जायचंय. पंढरी झोपेत दचकून उठतो, जेवण कमी झालंय त्याचं. ऐरोलीला बहिणीने खोली बघून ठेवलीय. पण मी पेटी भरायला घेतली की...

बांगड्या वाजतात. आमच्याच ओट्यापाशी.

धर्मराजशी भांडले, नवऱ्याशी भांडले. परवा ओट्याकडे बघून बाईंशीही भांडले, घसा बसेपर्यंत. म्हटलं, तुमचं घर वाचलं ना, आता आम्हाला सोडा.

त्यांनी कणीक मळायला घेतली.